किती गोल मारले?

मी हॉकी खेळते असं कळलं की समोरचा माणूस एकच गोष्ट विचारते. किती गोल मारले? किराणावाला विचारते, आजोळचे लोक विचारतात, लग्नाच्या पंगतीत बाजूले बसलेली काकू विचारते, जिले स्टिकचं कोणतं टोक हातात धरतात तेही माहीत नसते. अन् मी होती बॅक. बॅक म्हणजे आपल्या गोलकीपरच्या समोर उभी राहणारी, दुसऱ्या टीमले गोल करू न देणारी. हे समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाले फेस येत असे, अन् सगळं ऐकून झाल्यावर ती काकू म्हणे, "हो, पण तू मारले किती?"

माझं डोकं लवकर सरकते, हे आधीच सांगून ठेवते. शाळेत असताना अशाच एका काकूले मी विचारलं होतं की तुमच्या घरी चोरी झाली नाही, तं चौकीदारानं काय केलं असं म्हणता का हो? आईनं पदराआडून असा चिमटा काढला की हातातली जिलेबी खाली पडली. घरी आल्यावर मात्र तीच ही गोष्ट शेजारणीले हासून हासून सांगून राहिली होती.

आता मी भिलाईतच लहान पोरींले हॉकी शिकवते. दर हंगामात एखादी चांगली बॅक जवळ येते, स्टिकनं माती उकरत उभी राहते अन् विचारते, मॅडम, मी फॉरवर्ड होऊ का? पुढे खेळली तं नाव होते, फोटो येते, निवड होते, असं तिले कोणीतरी घरी सांगितलेलं असते. मी पटकन हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मले माझं आठवते, अन् माझं आठवलं की बाबा आठवतात.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवत. क्रेन म्हणजे रस्त्यावरची नाही. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी, अन् तिच्या पोटाशी लटकलेली लोखंडी केबिन. त्या केबिनमध्ये बाबा शिफ्टभर बसून राहत अन् खाली लाल तापलेलं लोखंड इकडून तिकडे नेत. शिफ्ट संपली अन् उठून चालले, असं तिथं चालत नाही. तुमच्या जागेवर येणारा माणूस, त्याले रिलीवर म्हणतात, तो शिडी चढून वर आला पाहिजे, हुकले काय लटकून आहे, ब्रेक कसा लागून राहिला, हे त्यानं ऐकून घेतलं पाहिजे, अन् मग तोंडानं म्हटलं पाहिजे, "ले लिया." तोपर्यंत सीट सोडायची नाही. रिलीवर आलाच नाही तं पुढची शिफ्टही तुमचीच.

हा नियम बाबा डब्याच्या पिशवीसोबत घरी घेऊन आले होते. आमच्या रुआबांधाच्या क्वार्टरात आई गॅसवर दूध ठेवून बाहेर वाळवण पाहाले निघाली, तं आधी हाक मारे, "घे वं." मी नाही तं माझा भाऊ जोपर्यंत "घेतलं" म्हणत नाही, तोपर्यंत ती तिथून हालत नसे. घेतलं म्हटल्यावर दूध उतू गेलं तं चूक आमची, त्याच्या आधी गेलं तं तिची. मोटारसायकल धरायची असो, पाहुण्याचं लेकरू सांभाळायचं असो, घे अन् घेतलं. पाहुणे हासत. आमाले त्यात हासण्यासारखं काही दिसत नसे, सगळ्यांच्या घरी असंच असते असं मले खूप मोठी होईपर्यंत वाटत होतं.

मैदानावर गेली तं मी हा नियम तिथंही नेला. बॅकनं बॉल घेऊन पुढे जायचं असलं तं तिची जागा रिकामी होते, अन् अर्धे गोल त्या रिकाम्या जागेतूनच होतात. म्हणून मी पुढे निघायच्या आधी बाजूच्या पोरीले ओरडून विचारे, "ले लिया?" मैदानावर मराठी कोण समजणार, तिथं सगळा कारभार हिंदीतच. ती "ले लिया" म्हणाली की मी निघाली, नाही म्हणाली तं मी जागची हालत नसे. आधी पोरी चिडवत. मग आमच्यावर गोल होणं कमी झालं, तशा सगळ्याच ओरडाले लागल्या. आमची गोलकीपर बाजूच्या खुर्सीपार वस्तीतली होती, आवाज असा खणखणीत की सुपेल्याच्या चौकात उभी राहिली तं ट्रक थांबतील. ती मागून दर थोड्या वेळानं हजेरी घेतल्यासारखी विचारे, कोणती जागा कोणाजवळ आहे?

अन् मी चांगली होती. उगीच मान खाली घालून सांगणार नाही, चांगलीच होती. अंगावर येणाऱ्या पोरीच्या डोळ्यांकडे मी कधी पाहत नसे, डोळे खोटं बोलतात. खांदा खरं बोलते. ती ज्या बाजूले वळणार, त्या बाजूचा खांदा तिच्याही आधी खाली जाते. तेवढ्यासाठी थांबायचं. नवीन बॅक घाई करते, स्टिक फेकते, अन् समोरची बाजूनं निघून जाते. मी मागे सरकत राही, सरकत राही, तिले साइडलाइनकडे ढकलत नेई, अन् खांदा हालला की स्टिक जमिनीसरशी पुढे टाकून बॉल काढून घेई. दुर्गच्या, रायपूरच्या पोरी माझ्या बाजूनं याले कचरत, हे मले दिसे, अन् त्याचा मले भारी अभिमान होता. पण हे पाहाले कोण बसून होतं? बाबा सुट्टी असली की मॅच पाहाले येत, अन् बसत कुठं, तं समोरच्या टीमच्या गोलाजवळ. गोल तिथंच होणार म्हणून. मी त्यांच्यापासून मैदानभर लांब, ठिपक्याएवढी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमची मुख्य फॉरवर्ड बापाची बदली झाली म्हणून निघून गेली. त्या थंडीत राज्याच्या टीमसाठी राजनांदगावले ट्रायल होणार होती. आमच्या सरनं एका संध्याकाळी मले थांबवून घेतलं. सर माणूस चांगला, पोटातलं ओठावर आणणारा. त्यांनी सरळ सांगितलं की बॅकच्या जागा थोड्या आहेत अन् राजनांदगावच्या खेळाच्या होस्टेलच्या तयार पोरी त्यांवर डोळा ठेवून आहेत. फॉरवर्डमध्ये मात्र जागा मोकळी आहे. तुझी हिट जोराची आहे, पळणं लांबचं आहे, दम आहे. पुढे खेळ, तुझं नाव पक्कं समज. मागे राहशील तं गर्दीत उभी राहशील.

मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, कुठंही खेळ, पण गुडघे फोडून नको आणू, लग्नात फोटो काढायचे आहेत. बाबा मात्र असे खुश झाले की त्यांनी रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, ते ओट्यावर बसून प्लांटचे बूट पुसत होते, मी बाजूले बसली. मी म्हटलं, मले मागेच बरं वाटते. त्यांनी बूट खाली ठेवला.

"इतके वर्ष मी वर बसून आहे," बाबा म्हणाले. "खालच्या माणसानं वर पाह्यलं तं त्याले हुक दिसते. मी नाही दिसत. चांगलं काम केलं तं कोणाले समजत नाही, चुकलो तं सगळं शेड मान वर करते. माह्यं झालं आता. तुह्यं तं दिसू दे."

बाबा असं बोलणारे नव्हते. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधावरून इथं आलेला माणूस, कामाबद्दल कधी कुरकुर नाही, कधी फुशारकी नाही. मले वाटे त्यांले त्यांचं काम आवडते अन् झालं. त्या दिवशी समजलं की वर बसलेल्या आपल्याकडे कोणीतरी पाहावं असं त्यांलेही वाटत असेल. संध्याकाळी सरले जाऊन सांगितलं, होते फॉरवर्ड.

पहिली मॅच दुर्गच्या पोरींशी. माझी अशी फजिती झाली की अजूनही त्यातली एखादी सुपेल्याच्या बाजारात भेटली तं तोंडावर हात ठेवून हासते. झालं असं, की आमच्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या पोरीनं, समोर लांब पास टाकला. मधली रेष ओलांडून मी पळाली की बॉल माझा, पुढे एकच पोरगी अन् गोलकीपर. मी रेषेपर्यंत आली, अन् थांबली. सवयीनं मान मागे वळवली अन् पूर्ण ताकदीनं ओरडली, "ले लिया?" आता कोण काय घेणार? मी फॉरवर्ड होती, माझ्या मागे सोडायची जागाच नव्हती. मागच्या पोरी एकमेकींच्या तोंडाकडे पाहून राहिल्या. तोवर बॉल माझ्यासमोरून गडगडत गेला, दुर्गच्या बॅकनं आरामात उचलला, अन् त्यांचा गोल झाला तो त्याच बॉलवर. मग मॅचभर दुर्गच्या पोरी बॉल घेतला की मले विचारत, ले लिया क्या दीदी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करणार काय, हासण्यासारखंच होतं. सर म्हणाले, तुझं अंग पुढे आलं, डोकं मागेच राहिलं. आईले कळलं तं तिनं कढईतून मान वर न करता मले विचारलं, मंग दूध कोणी घेतलं, दुर्गवाल्यांनी का?

मग मी हट्टाले पेटली. जमत नाही म्हणजे काय? सरनं मले मागे पाहायची बंदी घातली. सकाळी लवकर जाऊन मी डी मध्ये, म्हणजे गोलासमोरच्या त्या अर्ध्या गोलाकार रेषेच्या आत, एकटीच फिरून फिरून मारत बसे. बॅक असल्याचा एक फायदा झाला. समोरची बॅक काय विचार करून राहिली ते मले आतून माहीत होतं. तिले कुठं घाई होते, ती खांद्याकडे पाहते की डोळ्यांकडे, तिले फसवायचं कसं. खोटा खांदा टाकाले मी शिकली, अन् गोल व्हाले लागले. खरं सांगू का, गोल झाला की बरं वाटते. गोलाच्या फळीवर बॉल ठक्कन वाजते, सगळ्या पळत येऊन अंगावर पडतात, ज्याले हॉकी समजत नाही तोही टाळ्या वाजवते. ज्या लोकांवर मी चिडत होती त्यांच्यासाठी आता माझ्याजवळ उत्तर होतं. अन् बाबा! समोरच्या गोलाजवळ बसलेले बाबा आता मले जवळून दिसत. गोल झाला की ते टाळ्या वाजवत नसत, नुसते उभे राहत अन् पुन्हा बसत. खुर्सीपारच्या चहाच्या टपरीवर, शिफ्ट सुटल्यावर, माझे गोल सांगितले जाऊन राहिले होते, हे मले गोलकीपरच्या बापानं सांगितलं.

म्हणजे सगळं चांगलं चाललं होतं. फक्त मले एक खाज होती. पुढे उभी असताना पाठीमागे बॉल गेला की माझ्या पाठीले समजे, आता ही पोट्टी घाई करेल, आता ही फसेल. अन् ती फसे. माझ्या जागेवर आलेली पोरगी मनाची चांगली होती, पण तिलेही पुढेच खेळायचं होतं, नाईलाजानं मागे उभी होती. गोलकीपर एक दिवस पॅड सोडता सोडता मले म्हणाली, "मेरा गेट खुला पड़ा है, चौकीदार नाश्ता करने गया है." मी हासली. घरी येईपर्यंत मात्र त्या हासण्याचं काही उरलं नव्हतं.

ट्रायलच्या दिवशी बाबाची फर्स्ट शिफ्ट होती. शिफ्ट सुटली की पावर हाऊस स्टेशनवरून गाडी धरून सरळ राजनांदगावले येतो, पोरीचा गोल पाहतो, असं ते आदल्या दिवशी शेजारीपाजारी सांगून बसले होते. आम्ही सरसोबत सकाळीच गेलो. निळं ॲस्ट्रोटर्फ, पाणी मारून चकचकीत केलेलं, आमच्या मुरमाच्या मैदानापुढे ते म्हणजे बैठकीतली फरशीच. निवड करणारी मॅडम जुनी खेळाडू होती, टोपी घातलेली, बोलणं मोजकं. तिनं जिल्ह्याजिल्ह्यांच्या पोरी मिसळून टीम केल्या. माझं नशीब की आमची खुर्सीपारची गोलकीपर माझ्याच टीममध्ये आली. सरनं मॅडमले सांगून ठेवलं होतं, ही फॉरवर्ड.

पहिल्या हाफमध्ये मी गोल मारला. राजनांदगावच्या बॅकले खोटा खांदा दाखवला, ती त्या बाजूले गेली, मी ह्या बाजूनं निघाली अन् गोलकीपरच्या पॅडखालून बॉल सरकवला. सर साइडलाइनवर दोन्ही हात वर करून उभे. मी गेटाकडे पाहिलं. बाबा आले नव्हते. नंतर समजलं की त्यांच्या रिलीवरच्या घरी कोणाले ताप होता अन् त्याले याले उशीर झाला. त्या दिवशीही बाबा सीटवरून उठले नव्हते. पोरीच्या मॅचची वेळ होत आली, अन् ते तिकडे केबिनमध्ये लोखंड लटकवून बसून होते.

दुसरा हाफ सुरू झाला अन् आमच्या टीमच्या बॅकचा पाय मुरगळला. तिले उचलून बाहेर नेलं. बसलेल्या पोरींमध्ये बॅक कोणीच नाही. मॅडमनं शिट्टी हातात धरून विचारलं, पीछे कौन जाएगा? कोणी हालेना. ट्रायलमध्ये मागे कोण जाते? ज्याची त्याची नजर पुढे, जिथं मॅडमले दिसेल तिथं. एकीनं बुटाची लेस बांधाले घेतली, एकीनं तोंड फिरवलं. सर मले हातानं खूण करून राहिले होते, तू तिथंच राहा, तुझं झालं, तुझं नाव पक्कं आहे. ते खरंच होतं. मी फक्त उभी राहिली असती तरी माझं काम झालं होतं. अन् मागून आमच्या गोलकीपरचा तो आवाज आला, सगळ्या मैदानावर ऐकू जाईल असा. "मेरे सामने किसके पास है?"

मी पळाली. विचार करून गेली असं म्हणणार नाही. अर्ध्या मैदानावर असतानाच माझ्या तोंडून निघून गेलं, "ले लिया!" अन् ते म्हटल्याबरोबर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, घरी आल्यावर बूट काढतो तसं.

तेव्हाच बाबा आले. स्टेशनकडून येणारं गेट आमच्या गोलाच्या मागे होतं, म्हणून ते तिथंच थांबले, जाळीच्या पलीकडे, प्लांटचे बूट, हातात डब्याची पिशवी. फिरून समोरच्या गोलाकडे जायला वेळच नव्हता, कारण बॉल आमच्याकडे येऊन राहिला होता. राजनांदगावची एक पोरगी होती, वाऱ्यासारखी पळे, तिचं नाव तेव्हा सगळ्या छत्तीसगडच्या हॉकीत घेत. तिनं आमच्या हाफले मागे टाकलं, दुसऱ्या बॅकले मागे टाकलं, अन् माझ्यावर आली. मी स्टिक टाकली नाही. मागे सरकली. अजून मागे सरकली. सर बाहेरून ओरडत होते, जा अंगावर, जा. मी कशाले जाऊ? मी तिले डीच्या बाहेर ठेवत ठेवत साइडलाइनकडे नेलं, अन् तिनं खांदा टाकला. खोटा होता. तीन महिने मी स्वतः तसलेच खांदे टाकले होते, मले नाही समजणार? मी जागची हालली नाही, ती दुसऱ्या बाजूले वळली, अन् तिथं माझी स्टिक आधीच होती. बॉल निघाला, मी वर हाफले दिला, अन् ती पोरगी दोन पावलं तशीच पळत गेली, बॉल सोबत आहे असं समजून.

ती पुन्हा आली. पुन्हा परत गेली. पेनल्टी कॉर्नरवर मी मास्क लावून मारणाऱ्या पोरीवर सगळ्यात आधी धावली अन् बॉल मांडीवर घेतला, तो वळ पुढे आईनं हळद लावता लावता शिव्या देऊन देऊन पाहिला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझ्या मागे एकही गोल झाला नव्हता. गोलकीपरनं माझ्या डोक्यावर ग्लोव्हजची थाप मारली. मले त्या दिवशी जेवढा माझा अभिमान वाटला, तेवढा कोणत्याच गोलानं वाटला नव्हता, अन् हे मी आजही छाती काढून सांगते.

मॅडमनं मले बोलावलं. ती म्हणाली की दोन्हीकडे पाहिलं तुले, आता एकच जागा सांग. सर मागून बोलून गेले, फॉरवर्ड. मॅडम म्हणाली, "इसको बोलने दो."

मी जाळीकडे पाहिलं. बाबा जाळीत बोटं अडकवून उभे होते. तुह्यं तं दिसू दे, हे त्यांचं बोलणं माझ्या कानात होतं. बॅक म्हटलं तं त्यांच्या हातातली गोष्ट मीच काढून घेणार होती, अन् वर निवडही गेली असती, कारण बॅकमध्ये किती गर्दी होती ते मले सकाळपासून दिसून राहिलं होतं. तरी आवाज निघाला तो स्वच्छ निघाला.

"बॅक," मी म्हटलं.

मॅडमनं मान हालवली. सरनं कपाळावर हात मारला. नावं थोड्या वेळानं सांगणार होते, म्हणून मी स्टिक ओढत जाळीजवळ गेली. मी म्हटलं, बाबा, तुम्ही यायच्या आधी गोल मारला मी. ते म्हणाले, सांगितलं मले एका पोरीनं. जाळीच्या त्या बाजूनं त्यांनी रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवलं.

"वरून मले असंच दिसते, बाई. सगळं शेड समोरून अंगावर येऊन राहिलं, अन् इकडे मी एकटा." मग म्हणाले, "इतके दिवस मी तिकडे जाऊन बसत होतो. तू काय करून राहिली होती, आज समजलं. नाव नाही आलं तरी चालते. मी पाह्यलं."

मी रडली. मास्क काढलेला होता, लपवाले काही नव्हतं, रडली ती रडलीच. बाबा डब्याची पिशवी या हातातून त्या हातात करत उभे राहिले.

नावं वाचाले सुरुवात झाली ती फॉरवर्डपासून. त्यात मी नव्हतीच, पण तरी एकेक नाव मी बोटांवर मोजत गेली. मग हाफची नावं झाली. मॅडमनं पाणी प्यायलं. बाबा जाळीजवळून हालले नव्हते. मग बॅक म्हणाली अन् पहिलंच नाव माझं घेतलं. मले ऐकू आलं नाही, गोलकीपर किंचाळली तेव्हा समजलं. सर जवळ आले, तोंड पाडून, पण डोळे हासत होते. म्हणाले, कल से फिर मेरे को फॉरवर्ड ढूंढना पड़ेगा.

पुढे काय काय खेळली, कुठं कुठं गेली, त्याची ही जागा नाही. मले आठवते ती त्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार. बाबा मले मोटारसायकलवर बसवून खुर्सीपारच्या त्या टपरीवर घेऊन गेले, आधी कधी नेलं नव्हतं. तिथं त्यांचा तोच रिलीवर चहा पिऊन राहिला होता, ज्याच्यामुळे त्यांले उशीर झाला होता. गोंदियाकडचा माणूस, आमच्यासारखंच बोलणारा. बिचाऱ्याले मनापासून वाईट वाटून राहिलं होतं की आपल्यापायी यांचं पोरीचं पाहणं हुकलं. निवड झाली ऐकून तो उठून उभा राहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, अन् मग बाबाले तेच विचारलं जे सगळे विचारतात.

"मंग? किती गोल मारले पोरीनं?"

माझं डोकं सरकलंच. मी तोंड उघडलं, चौकीदाराची गोष्ट जिभेवर आलीच होती. बाबानं हात आडवा करून मले थांबवलं.

"मारले नाही," ते म्हणाले. "होऊ नाही देले."

अन् आणखी एक चहा सांगितला, माझ्यासाठी. त्या दिवशी मी एक गोल मारलाही होता. बाबानं तो हिशेबात धरलाच नाही.